आत्याला बोट लागते

मोखोट्लोंग, ६ सप्टेंबर

टांकिसो,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. राग कितीही असला तरी आशीर्वाद अडवून ठेवायचा नसतो, असं आई म्हणायची, म्हणून पाठवते आहे. नाहीतर तुला काही पाठवायची माझी इच्छा नव्हती.

दिम्फोच्या लग्नाची पत्रिका मिळाली. मागे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "आत्या, तू आलीच पाहिजेस. माझ्या अंगावर घोंगडी तूच घालायची." वाचून मी लोकरीच्या शेडमध्ये सगळ्या बायकांना दाखवलं. मग त्याखाली तुझ्या बायकोच्या अक्षरातली ओळ दिसली. "वन्संना प्रवास जमला नाही तर माझी मावसबहीण थेंबेका आहे. दिम्फोचे बाबा म्हणतात, यावेळी आत्यासाठी कुणी ताटकळायचं नाही." हे वाक्य तुझ्या मादिम्फोचं नाही. ती बिचारी सांगितलेलं लिहून घेते. वाक्य तुझं आहे, मी ओळखते.

तर नीट ऐक. आपल्यात मुलीच्या अंगावर लग्नाची घोंगडी बापाची बहीण घालते. आईची मावसबहीण घालत नाही, आणि डर्बनमध्ये केसांचं दुकान चालवणारी थेंबेका तर नाहीच नाही. ही जागा एकदा दुसरीला दिली की परत मिळत नसते. उद्या दिम्फोला मूल झालं तर त्याचं नाव ठेवताना थेंबेका बसणार, आणि तुझ्या घरात कुणी गेलं तर पहिली माती टाकायलाही थेंबेकाच. मग मी तुझी कोण? डोंगरात राहणारी एक म्हातारी, जिचं आडनाव तुझ्यासारखं आहे.

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या नव्या घराच्या जेवणाला मी आले नाही. पूर्वजांना पहिली वाटी थोरल्या बहिणीने ओतायची असते, आणि ती मी ओतली नाही. "बापाचा घोडा विकणाऱ्याच्या घरात मी पाय ठेवत नाही," असं मी इथे चारचौघांत बोलले. ते तुझ्या कानावर गेलं आणि तू बोलणं टाकलंस. ठीक आहे. त्यावर मला आज काही लिहायचं नाही.

लग्न बोटीवर ठेवलंय ते कळलं. नवरा मुलगा त्याच बोटीच्या स्वयंपाकघरात आचारी आहे, त्यामुळे त्याच्या माणसांना जागा मिळाल्या, असं दिम्फो लिहिते. चार दिवस समुद्रात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला वरच्या डेकवर घोंगडी. चांगलं आहे. तू पंचवीस वर्षं बंदरात क्रेन चालवतोस, तुला अभिमान वाटत असेल.

एक विचारायचं होतं. बोट फार हलते का? मला नाही काही, शेजारची माफोलो विचारत होती.

मी येणार आहे.

सेलोआने


मोखोट्लोंग, ११ ऑक्टोबर

टांकिसो,

तुझं उत्तर नाही. दिम्फोचा मात्र फोन आला होता. तिला मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?" ती म्हणाली, "काही नाही, आत्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ते म्हणाले, ती डोंगरातली बाई धक्क्यापर्यंतसुद्धा यायची नाही." मुलीला खोटं बोलता येत नाही. हा गुण आपल्या घराण्यातला नाही, आईकडून आला असावा.

बरं, तुला सांगून टाकते, कारण तुला उशिरा कुठूनतरी कळण्यापेक्षा हे बरं. मला गाडी लागते. आजची नाही, लग्न झाल्यापासूनची. इथे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मी सगळीकडे घोड्यावरून जाते आणि लोकांना वाटतं मला हौस आहे. हौस आहेच. पण गाडीत बसले की पहिल्या दोन वळणांत तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचं तुला सांगायला नको. मग बोटीत माझं काय होईल?

म्हणून मी सराव सुरू केला आहे. राली नावाचा पोरगा दर गुरुवारी सानी घाटातून खाली माल आणायला जीप घेऊन जातो. त्याला म्हटलं, मला नेत जा. पहिल्या गुरुवारी मी मागे बसले, कारण मागे बायका होत्या आणि गप्पा होत्या. तिसऱ्या वळणावर गाडी थांबवावी लागली. दुसऱ्या गुरुवारी मांडीखाली वर्तमानपत्र घेऊन बसले, शेडमधल्या बायकांनी सांगितलं होतं म्हणून. पुन्हा तिसरं वळण. तिसऱ्या गुरुवारी डोळे घट्ट मिटून बसले. ते तर सगळ्यात वाईट.

राली खाली उतरून माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "मावशी, दर वेळी तिसरंच वळण हो! आता इथे तुमच्या नावाची पाटीच लावतो."

मी तोंड पुसत म्हटलं, "लाव. नवऱ्याच्या थडग्यावरसुद्धा मला एवढी ठळक पाटी लावता आली नाही."

"बसा त्या दगडावर जरा."

"त्या दगडावर नको," मी म्हटलं. "त्याची माझी जुनी ओळख आहे." तो बघत राहिला. तूही बघत राहा, आज त्याबद्दल लिहिणार नाही.

शेवटी मी दवाखान्यातल्या नर्सकडे गेले. ती तिशीची आहे आणि मला लहान मुलीसारखी रागावते. "आजी, तुम्ही सगळं उलटं करताय," ती म्हणाली. मागे बसायचं नाही, ड्रायव्हरशेजारी बसायचं. डोळे मिटायचे नाहीत, मांडीवरचं विणकामही बघायचं नाही, समोर लांब बघायचं. काच उघडी ठेवायची. निघण्याआधी तासभर गोळी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडी पाव-बिस्किटं खायची. मी विचारलं, "आल्याचं काय?" ती म्हणाली, आलं उत्तम. मला आनंद झाला, कारण मी करते तसं आल्याचं पेय आपल्या गावात कुणाला जमत नाही, हे तूही कबूल करशील.

चौथ्या गुरुवारी गोळी घेऊन, पुढे बसून, लांबच्या कड्यावर नजर ठेवून मी घाटाच्या तळापर्यंत गेले. पोहोचले, टांकिसो! रालीने हॉर्न वाजवत गाडी तीनदा गोल फिरवली, तेव्हा मात्र पोटात पुन्हा हललं आणि मी त्याला शिव्या घातल्या. गोळीने झोप फार येते, तेवढी एक अडचण आहे. परत येताना मी घोरत होते म्हणे.

घोंगडी घेतली आहे. तपकिरी, कणसांच्या नक्षीची, कडेला पिवळा पट्टा. आईच्या लग्नातली होती तशी शोधून आणली.

सेलोआने


बोटीवर, २२ नोव्हेंबर, संध्याकाळ

टांकिसो,

हे पत्र मी तुझ्या केबिनच्या दाराखालून सरकवायला सांगणार आहे. तू माझ्यापासून अकरा दारं पलीकडे आहेस आणि मला तिथपर्यंत चालता येत नाही.

आज धक्क्यावर तू मला बघितलंस. अकरा वर्षांनी. मी रालीच्या गाडीतून, मग दोन बस बदलून, एकदाही न ओकता डर्बनला आले होते आणि मला वाटलं तू निदान "पोहोचलीस का" एवढं तरी विचारशील. तू बंदराचा तो कोट घालून उभा होतास. माझ्याकडे न बघता व्याह्यांना म्हणालास, "समुद्र प्रत्येकाला झेपत नाही. माझं रक्तच आता खारट झालंय." सगळे हसले. मीही हसले, कारण सगळ्यांच्या देखत दुसरं काय करणार.

आता मी केबिनमध्ये पडले आहे आणि बादली माझ्या उशाशी आहे. झालं काय ते सांगते. चर्चमधल्या बायकांनी निघताना मला बजावलं होतं, मोठ्या कामाआधी उपास कर. आपण करतोच. आणि मला वाटलं, पोटात काही नसलं तर बाहेर तरी काय येणार? म्हणून कालपासून पाण्याखेरीज काही घेतलं नाही. गोळीही घेतली नाही, कारण तुझ्यासमोर झोपाळलेली दिसायचं नव्हतं. बोट बंदराच्या भिंतीबाहेर पडली आणि जमीन खालून वर यायला लागली. मग मी डोंगरातली माणसं आजारी पडल्यावर करतात तेच केलं. दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि पडून राहिले. (लग्नाची नाही, माझी स्वतःची. लग्नाची बॅगेत आहे, तिला धक्का लागलेला नाही.) आत अंधार, ऊब आणि सगळं गोल फिरत होतं. मला वाटलं इथेच मरते.

माझ्याबरोबर केबिनमध्ये नवऱ्या मुलाची आजी आहे, माखान्यिले आजी. सत्तर वर्षांची, जाडजूड, हसरी, आणि बोलायला लागली की थांबत नाही. ती जेवून आली, पडदा उघडला आणि म्हणाली, "विहीणबाई, मेंढीसुद्धा मरताना एवढा आवाज करत नाही."

"मी विहीण नाही, आत्या आहे," मी घोंगडीच्या आतून म्हटलं.

"मग आत्यासारखी वाग. तिसऱ्या दिवशी तुला उभं राहायचंय ना? ती लाल ओठांची बाई आत्तापासूनच तुझी घोंगडी कुठल्या बॅगेत आहे म्हणून विचारतेय."

ती लाल ओठांची म्हणजे थेंबेका. हे ऐकून मी उठून बसले आणि लगेच पुन्हा बादली घ्यावी लागली.

आता उरलेलं सांगते. पडल्या पडल्या मनात आलं, की मी असंच मेले तर तू माझ्याबद्दल चुकीचं धरून बसशील.

अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या घरी यायला निघाले होते. तुझ्यासाठी आल्याच्या पेयाचे दोन मोठे डबे घेतले होते. सानी घाटात तिसऱ्या वळणावर गाडी थांबवायला लावली, आणि नंतर पुन्हा चढायला मन धजेना. ड्रायव्हर म्हणाला, "चला ना बाई, लोक खोळंबलेत." मी म्हटलं, तुम्ही जा. त्या दगडावर बसले. गाडी खाली खाली छोटी होत गेली. मग डबे तिथेच ठेवून चालत वर आले. सीमेच्या नाक्यावरचा शिपाई पासपोर्टवर शिक्का मारताना म्हणाला, "मावशी, सकाळी बाहेर आणि सकाळीच आत? काय विसरलात?" मी म्हटलं, काही नाही. गावात येईपर्यंत मला एवढी लाज वाटली, टांकिसो, की कुणी विचारायच्या आत मी घोड्याची गोष्ट रचली. गाडीत ओकून परत आलेली बाई होण्यापेक्षा मानी बाई होणं बरं वाटलं. बाबांचा घोडा विकायचा तुला हक्क होता. तो म्हातारा झाला होता आणि हिवाळ्याला टिकला नसता. मला तेव्हाही माहीत होतं.

सोबत माझा जुना पासपोर्ट ठेवते. सातव्या पानावर बघ. बाहेरचा शिक्का आणि आतला शिक्का, एकाच तारखेचे. ती तारीख तू विसरला नसशील.

माफी मागते. अक्षर वाकडं येतंय, बादली ओढून घेते.

सेलोआने


बोटीवर, २३ नोव्हेंबर, दुपार

टांकिसो,

मी उभी आहे! अक्षर बघ, सरळ आलंय. मी डेकवर, रेलिंगला पाठ टेकून, वहीवर न बघता लिहिते आहे. ओळी वरखाली गेल्या तर चालवून घे.

तुझं उत्तर आलं नाही. पासपोर्टही परत आला नाही. पण आज मी त्यावर रुसायला मोकळी नाही, कारण मला एवढं आनंदाचं सांगायचं आहे.

पहाटे आजीने मला गोळी दिली, मग कोरडे टोस्ट कोंबले, मग माझ्याच आल्याच्या पेयाचा पेला पाजला. तासाभराने मला कोपराला धरून वर आणलं. वारा थंड होता, मोखोट्लोंगला मे महिन्यात, हिवाळा तोंडावर आला की असतो तसा, आणि कालपासून पहिल्यांदा मला छातीभर श्वास घेता आला. मी रेलिंग घट्ट धरलं, पायांच्या काठ्या केल्या आणि खाली पाण्याकडे बघत राहिले. लगेच पोट ढवळलं.

आजी मागून म्हणाली, "काय गं, पाण्यात काय बघतेस, तुझी मेंढी पडलीय का? तुझ्या गावात घोड्यावर बसून असंच घोड्याच्या खुरांकडे बघतेस का?"

ती नुसती चिडवत होती. पण ते मला कानाखाली वाजवल्यासारखं लागलं. मी सात वर्षांची असल्यापासून घोड्यावर बसते. अरुंद वाटेवर, बर्फात, ओल्या दगडांवर. घोडा कितीही हलला तरी मला कधी मळमळलं नाही. का नाही? मी कधी विचारच केला नव्हता. कारण घोड्यावर तू खाली बघत नाहीस. लांब खिंडीकडे बघतोस. आणि गुडघे ताठ ठेवत नाहीस, कंबर सोडून देतोस, घोडा खाली गेला की तूही खाली, वर आला की तूही वर. बाबा मागून ओरडायचे ते आठवतं का, "त्याच्याशी भांडू नकोस, त्याच्याबरोबर जा!"

मी रेलिंग सोडलं. पाय फाकवले, गुडघे वाकवले, नजर उचलून समुद्र आणि आभाळ भेटतात त्या रेषेवर ठेवली. बोट खाली गेली. मी तिच्याबरोबर खाली गेले. बोट वर आली. मी वर आले. पुन्हा. पुन्हा. टांकिसो, पोटात काही झालं नाही! मी हसायला लागले. एक खलाशी बादली घेऊन जात होता, तोही थांबून बघायला लागला.

"हे काय चाललंय?" आजीने विचारलं.

"घोडा शिकवते आहे," मी म्हटलं. "फार मोठा आहे, पण वाईट नाही."

तिने कपाळाला हात लावला. मग स्वतः माझ्याशेजारी पाय फाकवून उभी राहिली आणि आम्ही दोन म्हाताऱ्या तिथे अर्धा तास समुद्रात रपेट करत होतो. दिम्फोने येऊन बघितलं तेव्हा ती रडली. का रडली विचारलं तर म्हणाली, "आत्या, मला वाटलं होतं उद्या तू नसणार."

दुपारी मी जेवले. भात, पालक, कोंबडीचा एक तुकडा. जेवणाच्या हॉलमध्ये ताठ चालत गेले, कुठे धरलं नाही. थेंबेका टेबलाशी बसली होती. ती गोड आवाजात म्हणाली, "बरं वाटतंय का मावशी? उद्या जमणार ना?" मी म्हटलं, "तुझी काळजी घे पोरी. वारा दक्षिणेकडून फिरतोय असं खलाशी म्हणत होता." ती हसली. तूही पलीकडच्या टेबलावर बसला होतास आणि ताटात दुसऱ्यांदा मांस वाढून घेत होतास. चरबीचं होतं. मी बघितलं, पण बोलले नाही.

तू माझ्याकडे एकदा वळून बघितलंस. मला ते दिसलं. तेवढं आज पुरे आहे.

सेलोआने


बोटीवर, २४ नोव्हेंबर, सकाळी पावणेबारा

टांकिसो,

लग्नाच्या कार्यक्रमाच्या कागदामागे लिहिते आहे, दुसरा कागद नाही. घाईत आहे. हे घेऊन दिम्फोची मैत्रीण तुझ्या केबिनकडे येते आहे, दार उघड.

पहाटेपासून वारा सुटलाय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल. बोट पुढून उचलते आणि मग धाडकन बसते. साठ पाहुणे यायचे होते, डेकवर सतरा आले. त्यातले चार लगेच गेले. नवऱ्याकडचे तिन्ही काका आलेत, त्यांना फार घाई आहे, पण घाई करताना त्यांचे चेहरे उतरलेत. थेंबेका सुंदर निळा पोशाख घालून आली, घोंगडीला हात लावला, "मी घालू का?" एवढं म्हणाली आणि तोंडावर हात धरून जिन्याने खाली गेली. ती परत आलेली नाही.

मी गोळी घेतली, टोस्ट खाल्ले, आणि ठीक अकरा वाजता डेकच्या मधोमध पाय फाकवून उभी राहिले. कुणाचा हात धरला नाही. दिम्फो माझ्यासमोर उभी राहिली आणि डगमगली, तेव्हा मी तिला म्हटलं, "गुडघे सोड. माझ्याकडे बघ. घोड्यावर आहोत समज." मग मी तिच्या खांद्यांवर घोंगडी घातली. वाऱ्याने ती हातातून ओढली, पण मी लोकरीच्या शेडमध्ये चाळीस वर्षं काढली आहेत, घोंगडी माझ्या हातून सुटत नाही. पिवळा पट्टा उभा आला पाहिजे, तसा आला. पिन लावली. तिला जे सांगायचं असतं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, आणि आवाज वाऱ्याच्या वर काढला. मागे तुझी बायको रडत होती. खलाशी टोप्या काढून उभे होते. टांकिसो, मी इतकी सुंदर घोंगडी आजवर कुणाला घातली नव्हती. हे मी गर्वाने सांगते आहे आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

मग काका म्हणाले, "आता बाप कुठे आहे? बापाने जा म्हटल्याशिवाय आम्ही मुलगी नेऊ शकत नाही."

तुझी बायको माझ्या कानात म्हणाली, "सांगा ना वन्सं, त्यांचा रक्तदाब वाढलाय." माखान्यिले आजी म्हणाली, "सांग बंदरातून महत्त्वाचा फोन आलाय." दोघींनाही तुझी अब्रू वाचवायची होती. मला समजत होतं. हे मी एकदा केलं आहे आणि त्यात अकरा वर्षं गेली.

मी म्हटलं, "माझ्या भावाला बोट लागली आहे. खाली बादलीशी बसलाय. आमच्या घरात हे आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घराच्या जेवणाला जाताना मला सानी घाटात गाडी लागली आणि मी परत फिरले. लाजेपायी मी घोड्याची खोटी गोष्ट सांगितली. घोडा विकण्यात त्याची चूक नव्हती. चूक माझी होती."

एक मोठी लाट येऊन गेली. मग सगळ्यात मोठा काका हळूच म्हणाला, "ताई, मलासुद्धा फार होतंय हो. खाली बसलो तर चालेल का?" आणि सगळे एकदम हसले. तो खाली बसला. दुसराही बसला. माखान्यिले आजीने दोघांना आलं चघळायला दिलं. टांकिसो, काहीही झालं नाही! आभाळ कोसळलं नाही, आडनाव बुडालं नाही. मी एवढ्याशा गोष्टीला किती घाबरले होते.

काका म्हणाले, मग बापाच्या जागी आत्यानेच "जा" म्हणावं, ती उभी आहेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणू शकले असते. मला तो मान मिळत होता. मी नाही म्हटलं. बाप आहे, तो येईल.

आता तू ऐक. पलंगावरून एकदम उठू नकोस, आधी बस. या मुलीच्या हातात गोळी आहे आणि टोस्ट आहेत. गोळीने आता फारसं व्हायचं नाही, तरी घे. टोस्ट सावकाश चाव. आल्याचं पेय घोट घोट घे, माझ्या हातचं आहे. बादलीत बघू नकोस, जिन्याच्या पायऱ्यांकडेही बघू नकोस, मुलीच्या डोक्यावरून समोर बघ. वर आलास की वारा लागेल, तो लागू दे. मध्ये ओकावंसं वाटलं तर ओक आणि पुढे चल. अंगावर डाग पडले तरी तसाच ये. मी डाव्या बाजूला आहे, तू आलास की तुझा हात धरून तुला उभं राहायला शिकवीन. पाच मिनिटांत जमतं. बाबांनी आपल्याला शिकवलेलंच आहे.

मादिम्फोने मला आत्ताच सांगितलं, जे तू कधी सांगितलं नसतंस. की त्या दिवशी, घराच्या जेवणाला, तू कुणालाच जेवायला बसू दिलं नाहीस. सकाळपासून फाटकात उभा होतास. लोक कंटाळून निघून जायला लागले तरी तू म्हणत होतास, ताई येईल, घाटाला वेळ लागतो. तीन वाजेपर्यंत.

दिम्फो घोंगडी पांघरून माझ्याशेजारी उभी आहे. मी तिला पुढे जाऊ दिलेलं नाही. मी तीनपर्यंत थांबेन, आणि तीनच्या पुढेही थांबेन.

ये.

तुझी ताई